बॅसिनेटचं अ‍ॅव्हेंटेल : शेवटच्या चार ओळी बाकी

बॅसिनेट म्हणजे मध्ययुगीन युरोपातलं हेल्मेट आणि अ‍ॅव्हेंटेल म्हणजे त्याच्या काठाला लटकणारी, मान-खांदे झाकणारी कड्यांची साखळी. ती मी विणतोय. परवा रात्री पहिल्यांदा हेल्मेट घालून मान फिरवली आणि ती फिरली! गेल्या महिन्यात फिरत नव्हती. वरपासून खालपर्यंत सरळ पट्टा विणला होता, तो खांद्यावर ताणला जायचा आणि डावीकडे बघितलं की अख्खं बॅसिनेट सोबत वळायचं. मग अकरा ओळी उसवल्या.

उपाय साधा, पण चिकाटीचा. वरच्या ओळीतल्या एकाच कडीत एक जादा कडी अडकवायची, म्हणजे खालची ओळ एका कडीने रुंदावते. ही वाढ दर वेळी वेगळ्या जागी द्यायची, नाहीतर शिवणीसारखी उभी रेघ उमटते. इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथेड्रलमधल्या ब्लॅक प्रिन्स या इंग्लिश राजपुत्राच्या (मृत्यू 1376) समाधीवरच्या पुतळ्याचे फोटो मी समोर लावून ठेवलेत. त्यात बॅसिनेटखालची साखळी खांद्यांवर ऐसपैस पसरलेली आहे. मला तो घेर हवा आहे.

कड्या आतून 8 मिमी, मऊ लोखंडी तारेच्या. एक ओळ अखंड कड्यांची, एक रिव्हेटच्या. तासाला जेमतेम 40 रिव्हेट होतात. टोकं चपटी करून एकावर एक आणायची, भोक पाडायचं, बारीक रिव्हेट ठोकायचा. टोकं नुसती भिडवलेल्या कड्यांचं काम झटपट होतं, पण भाल्याचं टोक घुसलं की त्या उघडतात, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं चामड्याच्या पट्टीने, म्हणजे साखळीची वरची कड जिला जोडलेली असते तिने. हेल्मेटच्या काठावर पितळेच्या छोट्या व्हर्वेल, म्हणजे भोक असलेल्या खुंट्या असतात. पट्टीच्या भोकांतून त्या बाहेर काढायच्या आणि सगळ्यांतून एक दोरी ओवायची. दोरी ओढली की साखळी सुटी होते, घासता येते. माझी पहिली पट्टी दीड मिमीची होती. आठवड्यात भोकं वजनाने लांबट झाली आणि कानशिलापाशी बोटभर फट दिसू लागली. तिथेच तर वार येतो! आता 3 मिमीची घेतली आहे.

सध्या वजन 1 किलो 900 ग्रॅम. पावसाळ्यात रात्रीत गंज धरतो, म्हणून रोज शिलाई मशीनचं तेल लावून फडक्यात गुंडाळतो. साखळी धार अडवते, दणका नाही. त्यामुळे आतल्या बाजूला लिननचं गोधडीसारखं टाचलेलं अस्तर लावणार आहे. कापड आणलंय, या रविवारी बेततो.