निकेल, क्रोमियम आणि मोजायचं राहिलेलं पाणी

सायनाइडयुक्त चुंबकांवरच्या प्रोजेक्टचा विषय हाती येईपर्यंत सायनाइड म्हटलं की मला फक्त विष आठवायचं. दोन धातूंना जोडणारा पूल म्हणून त्याच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. चित्रकार तीनशे वर्षं जो प्रशियन ब्लू वापरत आलेत, त्यात सायनाइडनं कार्बनच्या टोकानं एक लोखंडाचा अणू धरलेला असतो आणि नायट्रोजनच्या टोकानं दुसरा. हाच रंग ५.६ केल्विनच्या खाली चुंबक होतो, हे वाचलं आणि विषय मनात बसला.

मी निवडलं ते असंच सायनाइडनं जोडलेलं निकेल-क्रोमियमचं संयुग. शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही असं माझं मत आहे, कारण इथे चुंबकत्व आधी कागदावर मांडता येतं. क्रोमियमची तीन एकटी (जोडीविना) इलेक्ट्रॉन्स टीटूजी नावाच्या कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागांत, निकेलची दोन ईजी नावाच्या कक्षकांत. सायनाइडच्या सरळ पुलावर हे कक्षक एकमेकांवर पडत नाहीत, म्हणून शेजारच्या स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनचं इवलं चुंबकत्व) समांतर राहतात आणि लोहचुंबक मिळतो. व्हॅनेडियम-क्रोमियममध्ये उलट आहे. तिथे कक्षक एकमेकांवर पडतात, स्पिन विरुद्ध दिशांना उभ्या राहतात, पण एकमेकींना पूर्ण रद्द करत नाहीत. त्या कुटुंबातला १९९५ सालचा पदार्थ तर ३१५ केल्विनपर्यंत, म्हणजे खोलीच्या तापमानालाही, चुंबक राहतो.

पोटॅशियम हेक्झासायनोक्रोमेटचं फिकट पिवळं द्रावण उजेडात बिघडतं, म्हणून फ्लास्कला फॉइल गुंडाळून ते थेंबाथेंबानं निकेल क्लोराइडमध्ये सोडलं. आम्ल जवळपाससुद्धा येऊ द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. फिकट हिरवट साका इतका बारीक आणि चिकट की फिल्टर पेपर लगेच तुंबला. शेवटी सेंट्रिफ्यूज करून, पुन्हा पुन्हा पाण्यानं धुऊन पावडर वाळवली. त्याच संध्याकाळी थर्मोग्रॅव्हिमेट्री केली, म्हणजे पावडर तापवत तिचं वजन किती घटतं ते पाहिलं. वजनात २३ टक्के घट आली, म्हणजे तीन निकेल आणि दोन क्रोमियममागे पाण्याचे १० रेणू. वहीत लिहून टाकलं.

स्क्विड मॅग्नेटोमीटर या चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणावर माझा नंबर तीन आठवड्यांनी लागला. बाटलीतली पावडर तोलली, जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून वर कापूस घट्ट दाबला. सैल राहिली तर कण क्षेत्रात स्वतःच फिरतात आणि आकडे फसवतात. तापमान उतरत गेलं आणि ५० केल्विनच्या आसपास आलेख अचानक उभा चढला. तो क्षण मी विसरणार नाही.

पण घरी हिशेब मांडला तेव्हा मन खट्टू झालं. खोलीच्या तापमानाला ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) गुणिले तापमान हा आकडा, स्पिन एकमेकांशी बोलतच नसल्या तरी, ६.७५ यायला हवा. लोहचुंबकीय जोडणी असेल तर त्याहून जास्त. माझा आला ६.६. दोन केल्विनला, ५ टेस्लाच्या क्षेत्रात, चुंबकन १२ बोर मॅग्नेटॉनजवळ (हे अणूंच्या चुंबकत्वाचं एकक) हवं होतं, मिळालं ११.१. हा १२ चा आकडा फार मोलाचा. निकेलची सहा आणि क्रोमियमची सहा इलेक्ट्रॉन्स समांतर असली तरच तो मिळतो, समोरासमोर उभी राहिली तर बेरीज शून्य. म्हणजे समांतरपणा दिसत होता, मग कमी काय पडत होतं?

दोन दिवस मी उपकरणावर संशय घेतला, पास्कल स्थिरांकांची, म्हणजे मोजमापातल्या छोट्या प्रतिचुंबकी दुरुस्तीच्या आकड्यांची, बेरीज तीनदा तपासली. मॅडमनी आलेख पाहिले आणि विचारलं, "दोन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात कमी आहेत. मग तू तोललंस ते नक्की काय होतं?"

उरलेल्या पावडरीची थर्मोग्रॅव्हिमेट्री पुन्हा केली. घट ३० टक्के! पाणी १४ रेणू.

या जाळीत विद्युतभार जुळण्यासाठी क्रोमियमच्या दर तीन जागांपैकी एक रिकामी राहते. त्या पोकळीभोवतीच्या निकेलना सहा पाणी घट्ट चिकटतात. बाकीचं पाणी पोकळ्यांत नुसतंच वस्तीला असतं, हवेतल्या दमटपणाप्रमाणे येतं-जातं. तीन आठवडे बाटलीचं झाकण सैल होतं. १० पाण्यांचा रेणुभार ७७२, १४ पाण्यांचा ८४४. इतक्या फरकानं मोल जास्त धरले गेले आणि प्रत्येक मोलमागचं चुंबकत्व कमी दिसलं.

नव्या रेणुभारानं ६.६ चे ७.२ झाले आणि ११.१ चे १२.१. निकेलचा जी घटक (स्पिनमागे किती चुंबकत्व मिळतं तो आकडा) २ पेक्षा थोडा जास्त असतो, हेही त्यात बसलं. उपकरणानं पहिल्यापासून बरोबरच मोजलं होतं. आता स्क्विडसाठी पावडर तोलते त्याच तासाला, त्याच बाटलीतली चिमूटभर थर्मोग्रॅव्हिमेट्रीला देते, आणि वहीत वजनाशेजारी पाण्याचा आकडा लिहिल्याशिवाय कॅप्सूल बंद करत नाही.