गालिच्याची उंबऱ्याकडची कड

शुक्रवार, रात्री

दिवाणखान्यातला गालिचा आज यांनी फिरवून घातला. आमच्या मांजरीने, शेवंतीने, उंबऱ्याकडची कड ओरबाडून इतकी पिंजली होती की लोकरीखालचा सुती ताणा उघडा पडला होता. ती कड आता दिवाणाखाली गेली आणि इतके दिवस दिवाणाखाली राहिलेली धड कड दाराकडे आली. संध्याकाळी झोपेतून उठल्यावर शेवंती नेहमीच्या चालीने आली, पुढचे पाय लांब टाकून आणि पाठ खाली झुकवून तिने अंग ताणले आणि नव्या कडेवर, पण नेमक्या त्याच जागी, नखे रोवून ओढायला सुरुवात केली. दिवाणाखाली गेलेल्या जुन्या कडेकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. यांचा हिरमोड झाला. माझ्या मात्र लक्षात आले की तिला लोकर आवडते हे खरे असले, तरी त्याहून तिला ती जागा हवी आहे.

ती जागा म्हणजे आमच्या घराचा हमरस्ता आहे. बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीतून, आत येणारा, स्वयंपाकघराकडे जाणारा, देवघरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण तिथूनच जातो. मांजराच्या पंजात, बोटांच्या मधोमध, गंधग्रंथी असतात. ओरबाडताना त्यांचा वास त्या जागेवर उतरतो. आपल्याला तो येत नाही, पण मांजराला येतो, आणि वर ओरखड्यांची खूण सर्वांना दिसते. अशी खूण कोणी अडगळीच्या खोलीत करील का? झोपेतून उठल्यावर अंग मोकळे करणे आणि नखांची जुनी टरफले काढून टाकणे हीसुद्धा त्यामागची कारणे आहेतच. परवा केर काढताना लोकरीत अडकलेले एक टरफल मला सापडले: चंद्रकोरीसारखे वळलेले, पोकळ, अर्धपारदर्शक, टोकाला अजूनही अणकुचीदार. मांजराचे नख तुटले म्हणून लेक रडवेली झाली, तेव्हा शेवंतीचा पंजा हलकेच दाबून आतले नवे, चकचकीत नख तिला दाखवावे लागले.

गोव्याच्या पावसात लोकरीचा गालिचा कशाला, असे कोणीही विचारील, आणि मीही विचारले असते. परंतु आईंचे गुडघे पावसाळ्यात गार फरशीवर धरतात आणि भजनाला मांडी घालून बसण्याचा त्यांचा नेम काही सुटत नाही, म्हणून माझ्या भावाने भदोहीहून हा गालिचा आणून दिला. तेव्हा गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकण्याचा मार्ग आमच्यासाठी बंद आहे.

रविवार, दुपारी

सल्ल्यांना घरात तोटा नाही. आईंनी गालिच्याखाली डांबरगोळ्या ठेवायला सांगितल्या. कसर लागणार नाही आणि मांजरही फिरकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांना समजावण्यात सकाळ गेली. डांबरगोळीतले नॅफ्थलीन मांजराच्या तांबड्या रक्तपेशींवर घाला घालते, आणि मांजराने गोळी चाटायलाच हवी असे नाही, पंजाला लागलेले पुढे अंग चाटताना पोटात जाते. निलगिरीच्या तेलाचीही तीच गत, कारण अशी तेले मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. आई शेवटी म्हणाल्या, "मग तूच काय ते बघ, पण गणेश चवथीपूर्वी बघ."

ह्यांनी पाण्याची पिचकारी आणून ठेवली आहे. मी ती उचलून न्हाणीघरात ठेवली. पिचकारीने शेवंती एवढेच शिकेल की हे घरात असताना ओरबाडायचे नाही. दुपारी घर सामसूम झाले की गालिचा पुन्हा तिचाच. शिवाय घाबरलेले मांजर खुणा कमी करीत नाही, वाढवते. शेजारी परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी तर नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली. ते नख काढणे नव्हे, प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड नखासकट छाटणे आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडचा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६०चा कायदाही प्राण्याचा अंगविच्छेद करणे हा गुन्हाच मानतो. एका गालिच्यापायी कोणाला हे सुचावे, याचे मला नवल वाटले.

मी धरलेला मार्ग सोपा आहे, फक्त त्यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी तिला त्याच जागी तिच्या मनासारखे काही द्यायचे, आणि मगच गालिच्याची कड बेचव करायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाड सुंभ आणले होते. सुताराकडच्या फणसाच्या फळीच्या तुकड्यावर ते घट्ट, फट न ठेवता गुंडाळून खालून खिळे मारले. फळी उभी न करता आडवीच ठेवली, कारण शेवंती जमिनीवर ओरबाडते, दाराच्या चौकटीला किंवा दिवाणाच्या पायाला ती हात लावीत नाही. उभा खांब पसंत करणारी मांजरे असतात. त्यांना पूर्ण ताणून उभे राहता येईल एवढा, म्हणजे सुमारे तीन फूट उंचीचा आणि मुळीच न डुगडुगणारा खांब लागतो. फळी घसरू नये म्हणून तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. एकदा जरी ती तिच्या पंजाखाली सरकली असती, तर शेवंती पुन्हा तिच्याकडे वळली नसती.

कडेसाठी दोन्ही बाजूंना गोंद असलेली चिकटपट्टी वापरली, पण थेट लोकरीवर नाही, कारण तो गोंद लोकरीतून निघत नाही. प्लॅस्टिकच्या जाड कापडाची एक पट्टी कडेवर अंथरून तिच्यावर चिकटपट्टी लावली. पंजाला चिकटणारे मांजराला अजिबात खपत नाही.

गुरुवार, रात्री

पहिल्या दिवशी शेवंतीने फळीचा वास घेतला आणि तिच्यावर बसून डोळे मिटले. मग परसात पावसाने माजलेल्या तणातून खोकली उपटून आणली. तिच्या ताज्या मुळांवर मांजरे लुब्ध होतात हे आईंना लहानपणापासून माहीत होते, आणि डांबरगोळ्यांवरचा रुसवा सोडून त्यांनीच ते सांगितले. मूळ ठेचून सुंभावर चोळले. शेवंतीने आधी गाल घासले, लोळण घेतली आणि मग दोन्ही पंजांनी सुंभ असे काही ओढले की तंतू उडाले. दुसऱ्या दिवशीपासून मूळ चोळावे लागले नाही. तिने तिथे ओरबाडले की लगेच सुकटीचा एक तुकडा तिला मिळतो. उशिरा दिला, तर कशाबद्दल मिळाला हे तिला कळणार नाही. सुकटीचा हिशेब सध्या यांच्याकडे आहे आणि त्यांचा हात सढळ आहे.

आज तिची नखेही कापली. पंजा दाबला की नख बाहेर सरकते; त्यात दिसणारा गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे रक्त आणि वेदना दोन्ही असतात, म्हणून फक्त पुढचे पांढरे, वळलेले टोक छाटायचे. पुढच्या एकाच पायाची झाली आणि तिने पाय आखडून घेतला, तेव्हा मी थांबले. उरलेली उद्या.

आता वाद उरला आहे तो फळीच्या जागेचा. चवथीला पाहुणे येणार आणि नेमकी दारातच फळी, हे यांना रुचत नाही. ती आत्ताच मागच्या पडवीत नेऊन ठेवावी असे त्यांना वाटते. मी नकार दिला आहे. ती हलवायचीच असेल, तर चवथ उलटल्यावर, रोज बोटभर सरकवून, भिंतीपर्यंत, त्यापलीकडे नाही. दमट हवेने चिकटपट्टीचा गोंद मऊ पडू लागला आहे, ती शनिवारी बदलायला हवी, आणि उसवलेली कड काथ्याच्या नव्हे, लोकरीच्याच धाग्याने शिवून घ्यायला हवी.