तुम्ही विचारलंत म्हणून: यात पीच कुठे आहे?

सासूबाईंच्या सत्तरीचे फोटो पाठवल्यापासून पुणे-सांगलीहून एकच विचारणा होतेय: हे गुलाबी पीचसारखं काय आहे, आणि यात पीच घालतेस का?

नाही घालत. पीच फक्त रूपात. हा वाफवलेला पाव आहे, आत कमळबियांचं गोड सारण. माझं सासर सिंगापूरचं, मूळ कँटनीज. चिनी घरांत वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला हे शौ-थाओ, म्हणजे दीर्घायुष्याचे पीच, मांडतात. शी वांगमू या देवीच्या बागेतली पीच खाल्ली की मरण टळतं अशी जुनी श्रद्धा. वानरराज सुन वुखोंगने ती चोरून खाल्ल्याची गोष्ट तिकडे पोरासोरांनाही ठाऊक असते.

खरा मान साठीपासून पुढे. चिनी कालगणनेचं चक्र 60 वर्षांनी पुरं होतं. आपली प्रभव ते क्षय संवत्सरंही 60च, म्हणून तर साठीशांत. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना इतकं आवडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगत होत्या.

मेहनत सगळी सारणात. सुक्या कमळबिया भिजवायच्या, एकेक उकलून आतला हिरवा कोंब काढायचा. तो कडूजहर असतो, चार-दोन राहिले तरी चव बिघडते. मग बिया मऊ शिजवून, वाटून, साखर-तेल घालून गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत परतायचा. तयार सारण इथे सहज मिळतं, पण त्यात साखरच पुढे येते, कमळबीचा मंद वास लागत नाही. सत्तरीसाठी मी ते आणणार नाही.

पावाला मैदा चालतो, थोडं कॉर्नफ्लोर मिसळलं की हलका होतो. यीस्ट, साखर, चमचाभर तेल घालून मऊ मळायचा. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. उकडीच्या मोदकांवर बसलेला हात इथे अडत नाही. फक्त मिटलेलं तोंड खाली ठेवायचं आणि वर चिमटीने टोक काढायचं. टोकापासून खाली सुरीच्या बोथट बाजूने रेघ दाबा, चांगली खोल, कारण फुगल्यावर ती भरून येते. फुगू द्या, मग दहा-बारा मिनिटं वाफवा. गॅस बंद केल्यावर झाकण जरासं तिरकं करून दोन-तीन मिनिटं थांबा. एकदम उघडलंत तर पाव बसतो, वर सुरकुत्या पडतात.

रंगाचं सगळ्यांनाच नवल वाटतं. कोऱ्या टूथब्रशवर खायचा गुलाबी रंग घेऊन केसांवरून अंगठा ओढायचा. बारीक तुषार उडतात; टोकाशी दाट, खाली विरळ, अगदी पिकलेल्या फळासारखे.

दोघीतिघींनी लेकरांच्या पहिल्या वाढदिवसाला करू का म्हणूनही विचारलं. आमच्या घरी नाही करत, हा मान वडीलधाऱ्यांचाच. बाळ महिन्याचं झालं की लाल रंगवलेली उकडलेली अंडी वाटतात. बारशाला काही चिनी करायचं असेल तर ती करा, सोपीही आहेत.