छकडीपासून सेव्हनपर्यंत : आमची वाटचाल

पहिलंच सांगून टाकतो : आम्हाला बोलेरो भेटली नाही.

2022 च्या जानेवारीत सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून केलेली गाडी ठेवून घेऊन आनंद महिंद्रांनी त्याला बोलेरो दिली. तेव्हापासून आमच्या आर्वीत (वर्धा जिल्हा) चहाच्या टपरीवर उभा राहिलो की कोणीतरी विचारतंच, "काहो भाऊ, तुमची बोलेरो कधी येऊन रायली?" त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण आमचं काम वेगळं. आम्ही जुगाड करत नाही, लोटस सेव्हन नावाच्या जुन्या इंग्रजी गाडीच्या प्रतिकृती करतो. मापात, सांच्यावर, आणि पक्कं बिल देऊन.

आमचे बाबा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, छकड्या करायचे. पटाची छकडी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी शेतावरची बंडी डोळ्यांपुढे आणू नये. बंडी वजन वाहायला असते. छकडीत वजन नसण्यालाच किंमत. बाबा एकेक लाकूड तासून झालं की हातावर तोलायचे, आणि परत तासायला घ्यायचे. आई म्हणायची, "आता जोडी सुटली का छकडी उडूनच जाईल." 1957 मध्ये इंग्लंडात कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन काढली ती याच हिशेबावर. पाईपाची जाळी, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांची जागा, छप्पर नावापुरतं. ती सुटी विकत, कारण तयार गाडीवर तिकडे खरेदी-कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. लोक घरी आणून जोडायचे. 1973 पासून तीच गाडी केटरहॅम नावानं निघते, आणि हौशी माणसानं स्वस्तात घरी केलेल्या तिच्या नकलेला तिकडे लोकॉस्ट म्हणतात. हे मला 2008 मध्ये वर्ध्याच्या एका सायबर कॅफेत समजलं. गेलो होतो ट्रॉलीच्या धुऱ्याची किंमत काढायला. येताना सत्तावीस पानं छापून आणली.

वर्कशॉप त्याआधी बारा वर्षांपासून चालू होतं. ट्रॉल्या, डवरे, वखराच्या पासा, खिडक्यांच्या ग्रील. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडीसाठी गाडी लागते. इंजिन पुढे, मागच्या चाकांना जोर, मागे सलग धुरा आणि पुढे चाकाला धरणारे दोन-दोन आर्म, हे सगळं एका जागी पाहिजे असेल तर आपल्या देशात प्रीमियर पद्मिनीसारखं जनावर नाही. 1089 सीसी, चार सिलिंडर. आम्हाला एका निवृत्त डॉक्टरसाहेबांच्या गोठ्यात भेटली, चौदा हजारांत, आत कोंबड्या. मी इंजिन पाहत होतो आणि चाचा खाली झोपून धुरा पाहत होते.

चाचांबद्दल सांगायलाच पाहिजे. कुर्ल्याला एकवीस वर्षं टॅक्सीचे मेकॅनिक. गुडघे गेले म्हणून गावी परत आले. पैसा त्यांनी एक लावला नाही, पण भागीदार मी त्यांनाच म्हणतो. त्यांच्या पेटीत भट्टीत लाल करून वाकवलेला तेरा नंबरचा एक पाना आहे. सरळ पाना जिथे जात नाही तिथे तो जातो. तो पाना पेटीत एका ठरावीक फडक्यात असतो, आणि पोट्ट्यांनी त्याला हात लावलेला चाचांना चालत नाही. मलाही दोन वर्षांनी परवानगी मिळाली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी आली, त्या दिवशी चाचा काही बोलले नाहीत. कोपऱ्यात पडलेल्या एका पद्मिनीच्या इंजिनाचं ऑइल बदलत बसले. ते इंजिन कुठल्याच गाडीत बसवायचं नव्हतं.

आता चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. एक इंची चौकोनी पाईप, सोळा गेज, सहा मीटरच्या सात लांब्या. काट्यावर अठ्ठेचाळीस किलो भरला. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं होतं की थ्री फेज रात्रीच यायची, म्हणून पहिल्या गाडीचं सगळं वेल्डिंग रात्रीचं आहे. दहा नंबरच्या रॉडनं सोळा गेजला भोकं पडतात. बारीक, बारा नंबरचा घ्यावा, करंट कमी ठेवावा, आणि आधी पूर्ण सांगाडा नुसता टाचून घ्यावा. मग एक टाका इकडे, एक समोरच्या कोपऱ्यात. एका बाजूनं ओढत गेलं की पाईप उन्हातल्या पापडासारखा वळतो.

हे सगळं पाळलं, तरी आमची पहिली चासी वाकडी निघाली. कर्ण मोजले तर नऊ मिलिमीटरचा फरक. मी चाचांवर चिडलो, चाचा माझ्यावर. आठ दिवस बोलणं बंद. मग एका रात्री बाबांची पाण्याची लेवल नळी टेबलाच्या चारही पायांना लावून पाहिली. आपली काळी माती! जूनमध्ये टेबल बसवलं तेव्हा जमीन फुगत होती, फेब्रुवारीपर्यंत ती वाळून भेगाळली, आणि टेबलाचा एक पाय फरशीसकट बोटभर खाली गेला. आम्ही सरळ वेल्डिंग वाकड्या टेबलावर करत होतो. कटर लावून चासी कापली. ज्यांचं वर्कशॉप काळ्या मातीवर आहे त्यांनी टेबलाच्या पायाखाली फिरवता येणारे बोल्ट लावावेत आणि दर अमावास्येला लेवल पाहावी. अमावास्याच का, तर लक्षात राहते म्हणून.

चौदा महिन्यांनी गाडी जमिनीवर उतरली. स्टिअरिंगला जुन्या मारुती 800 चा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, लावला होता. मी डावीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे जाऊन पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली. रॅक उलटा बसला होता. गावातली पन्नास माणसं पाहत होती. ती गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी ढीग मोठा होतो. रॅक सुलटा करून बाजार समितीच्या काट्यावर नेली, ट्रॉलीवर चढवून. सहा क्विंटल दहा किलो. आख्खी पद्मिनी नऊ क्विंटलच्या आसपास. खर्च एकसष्ट हजार, मजुरी न धरता. धरली असती तर घरून गाडी करायची परवानगी मिळाली नसती.

ही गाडी रस्त्यावर चालत नाही, हे मी गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगतो. नंबर मिळायला गाड्या तपासणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते, आणि तो खर्च कारखान्यांना परवडणारा. इंग्लंडात घरी केलेली एकच गाडी असली तरी तिची तपासणी करून नंबर देतात. आपल्याकडे तसं दार नाही. म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतो : खासगी जागेतच चालवीन.

ते वाचून पहिली सही केली वरूडकडच्या एका संत्रा बागायतदारांनी. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. मी विचारलं, "काकाजी, रस्त्यावर नेता येत नाही, मग घेऊन करता काय?" म्हणाले, "चाळीस एकर बाग हाय. चक्कर माराले रस्ता कायले पायजे?" आजही आंबिया बहाराची फळं पाहायला ते त्याच गाडीतून फिरतात, डोक्यावर रुमाल, शेजारच्या सीटवर कुत्रा.

2011 ते 2017 काम चाललं. पाच गाड्या केल्या.

आता आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोट्ट्याचं. नाव घेत नाही. पंधरा वर्षांचा असताना आला, आईनं माझ्या हाती सोपवला. ग्राइंडर धरायला मी शिकवलं. हात चांगला होता, हे आजही म्हणतो. फायबरचं काम पुढे तोच पाहायचा. फायबर म्हणजे आमच्या उन्हाळ्यात परीक्षा असते. पंचेचाळीस डिग्रीत रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट रस, डब्यातच घट्ट होतं, ब्रश आत अडकून दगड. आम्ही मे महिन्यात सकाळी सातच्या आत काम संपवतो आणि किलोला वीस मिली हार्डनर लागतो तिथे दहाच टाकतो. आणि हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो : कोबाल्ट (तेही रेझिन लवकर घट्ट करायलाच असतं) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळा, मग हार्डनर. नाहीतर भडका उडतो. त्या पोट्ट्याला मी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

2018 च्या पोळ्यानंतर तो आला नाही. नाकाचा सांचाही नव्हता. सेव्हनचं नाक म्हणजे तिचं तोंड. तो सांचा घासायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता. दिवाळीपर्यंत कानावर आलं की आमच्या निम्म्या भावात तशीच गाडी मिळून रायली. नागपूरकडच्या एका रिसॉर्टवाल्यांनी आम्हाला पाच गाड्यांची ऑर्डर दिली होती, त्या भरवशावर मी शेड वाढवायला कर्ज काढलेलं. त्यांनी फोन करून विचारलं, "तुमचा रेट इतका का?" मी आतल्या तिरप्या पाईपांबद्दल सांगायला लागलो. फोनवर तिरपे पाईप दिसत नाहीत.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही. आमच्या गाड्यांना मुळात नोंदणीच नाही, त्यामुळे आमचं काही बदललं नव्हतं. पण पेपरात बातमी आली की गिऱ्हाईक मथळाच वाचतं.

आणि फेब्रुवारीत एका लग्नाच्या लॉनमध्ये त्या पोट्ट्यानं केलेली गाडी मोडली. नवरदेव बसलेला, वेग माणसाच्या चालीचा, पुढचं डावं चाक आडवं झालं आणि गाडी कारंज्याच्या कठड्यावर टेकली. लागलं कोणालाच नाही, फक्त फेटा पाण्यात. पण नाक आमचं होतं. सगळे म्हणाले, आर्वीवाल्याची गाडी मोडली.

रात्री अकराला त्याचाच फोन. "दादा, या ना." का गेलो माहीत नाही. चाचांना मागं बसवलं आणि गेलो. टॉर्च मारला. आर्मचा ब्रॅकेट एका बाजूचाच, म्हणजे बोल्ट नुसता टांगलेला. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी तीन मिलिमीटरची पट्टी असते, बोल्ट मधे धरलेला. आणि बोल्ट ट्रॉलीच्या फाळक्याचा, म्हणजे मागच्या झाकणाचा, डोक्यावर मजबुतीचा आकडा नाही. तुम्ही कोणाचीही गाडी घ्या, आमची नका घेऊ, पण खाली वाकून बोल्टच्या डोक्यावर 8.8 आहे का तेवढं पाहा.

मी म्हणालो, "वरचं उचललं, आतलं कोण उचलीन?" तो खाली पाहत म्हणाला, "दादा, तुमीबी त्या इंग्रजाचीच मापं उचलली ना." चाचा हसले. परत येताना गाडीवर मी त्यांच्याशी बोललो नाही. मापं उचलणं वेगळं, दुसऱ्याचा घासलेला सांचा उचलणं वेगळं, हे मी त्यांना चार दिवसांनी समजावून सांगितलं. ते "हाव" म्हणाले. पटलं का माहीत नाही.

रिसॉर्टची ऑर्डर गेली. हप्ते थकले. वेल्डिंगची मिग मशीन विकली, मग लेथ विकायला काढली. बँकेतून माणूस यायचा तेव्हा घरची त्याला चहा द्यायची आणि मी ग्राइंडर चालू ठेवायचो, म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. लेथ पाहायला गिऱ्हाईक यायचं त्याच सकाळी काकाजींची ट्रॉली दारात उभी. "फाळका ढिला झाला, पाय." फाळका ढिला नव्हता. तरी बिजागऱ्या बदलल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी ट्रॉली. मग त्यांच्या जावयाच्या दोन, मग शेजारच्या बागेतल्या. त्या वर्षी वरूड भागातून सतरा ट्रॉल्या आल्या, सगळ्यांचा फाळका ढिला. लेथ राहिली. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "तू गाडीले ग्रीस कवा मारतं ते सांग."

ओम्नीचं इंजिन आणि मागचा धुरा वापरून स्वस्त मॉडेल काढलं ते नंतरचं. त्यावर तीन झाल्या, दोन फार्महाउसवर आणि एक शाळेच्या प्रदर्शनात उभी आहे.

मागच्या वर्षी काकाजींच्या गाडीला ग्रीस मारून परत येत होतो. आष्टीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक शेत. गोठ्यापुढे म्हैस पाणी पीत होती. मोटारसायकल पुढे गेली, मग मी वळवली. पाण्याचं टाकं ओळखीचं वाटलं. सेव्हनच्या नाकाचा सांचा, पालथा नव्हे, उताणा, पाण्यानं काठोकाठ. फायबर भंगारवालाही घेत नाही. त्या पोट्ट्याची आई बाहेर आली. मला पाहून तिनं आधी डोक्यावर पदर घेतला. तो नागपूरला एका बस-बॉडीच्या कारखान्यात आहे म्हणाली. बरं चाललं आहे. मी विचारलं, "माय, हे टाकं देता का?" म्हणाली, "न्या ना बापू, पण म्हशीले काय ठेवू?"

पुढच्या रविवारी सोळा गेजच्या पत्र्याचं टाकं करून नेलं, काठ वळवून, जिभेला लागू नये म्हणून.

सांचा घरी आणून तीन वेळा घासला, सात हात मेण लावलं. ढेपेचा वास अजून जात नाही. नवव्या गाडीचं नाक त्यातूनच काढलं. डाव्या गालावर वीतभर एक ओरखडा उमटला, शिंगाचा. गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, पॉलिशमध्ये निघून जाईल. दोनदा पॉलिश केलं. आहे तिथेच आहे.