काळी गाडी, तांबडा सडा आणि दारात मामा

मामेभावाने दिवाळीत गाडी घेतली आणि घेतली ती पण काळी. मला फोन, तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना, येतोयस तर घेऊन ये. म्हटलं रत्नागिरीला सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) आख्खा मोकळा आहे, मागे समुद्र, अर्ध्या तासात उरकेल. अर्धा तास कसला, दोन संध्याकाळी गेल्या.

पहिल्या दिवशी दुपारी ३ लाच गेलो, तिथेच माती खाल्ली. बॉनेटवर सूर्याचा पांढराफट्ट ठिपका, त्याच्याभोवती कोरड्या फडक्याने पुसून पुसून पडलेले बारीक ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चमकतायत (गाडी ३ आठवड्यांची!!) आणि चाकांच्या वर कमानीत नुसता काळोख. ठिपका सांभाळायला एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) कमी केलं की टायर गायब, टायर दाखवायला वाढवलं की आकाश जळून पांढरं. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलं तर काळोखातलं थोडंफार वर खेचता येतं, पण जे जळलं ते गेलं.

त्यात कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा घोळ. कॅमेऱ्याला गाडीचा रंग कळत नाही, तो समोरचं सगळं १८ टक्के ग्रे (मधला करडा) धरून चालतो, म्हणजे फ्रेमभर काळी गाडी आली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो वाढवून ठेवतो आणि गाडी धुवून धुवून विटलेल्या शर्टासारखी करडी दिसते. पांढऱ्या गाडीचं उलटं, ती मळकट येते. म्हणून काळीला साधारण १ स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) आणि पांढरीला १ जास्त (म्हणजे दुप्पट) असं मी धरतो, पण फ्रेममध्ये आकाश किती घेतलंय त्यावर हे सगळं फिरतं, त्यामुळे हिस्टोग्राम (उजेड-काळोखाचा आलेख) बघायचाच, अंधार पडायला लागला की मागची स्क्रीन सगळेच फोटो झकास दाखवते.

पण खरी गंमत वेगळीच. काळी गाडी म्हणजे चार चाकांचा आरसा. सड्यावर सगळा जांभा, तर दरवाज्यांचा खालचा अर्धा भाग तांबूस, मला आधी वाटलं व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगांचा तोल) गंडलाय. आणि मागच्या दारात एक भगवा पट्टा काही केल्या जाईना, वळून बघतो तर मामा भगवा टीशर्ट घालून शांतपणे उभे. "मामा, जरा त्या दगडाकडे जाता का, तुम्ही दारात दिसताय." ते गेले, मग दारात मीच दिसायला लागलो. शेवटी ट्रायपॉड लावला, १० सेकंदाचा टायमर टाकला आणि लांब जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावरच सुरुवात केली. सूर्य गेला की पश्चिमेचं आख्खं आकाश एक मोठा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला मऊ उजेडाचा दिवा) होतं, गाडी जरा तिरकी लावली की क्षितिजाची रेघ हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत दारांवरून सरळ पळते, गाडीचा आकार त्या एका रेघेने कळतो. पण हे मिळतं जेमतेम २० मिनिटं, आणि उजेड इतका भराभर उतरतो की दर दोन फोटोंनी शटरचा वेळ वाढवत बसा. शेवटी एफ ८, आयएसओ १०० वर ८ सेकंदांपर्यंत आलो. एवढा वेळ हेडलाइट चालू ठेवले तर दोन पांढरे गोळे येतात, म्हणून भावाला आत बसवलं, मी "आता" म्हटलं की लाइट लाव आणि लगेच बंद कर. तिसऱ्या खेपेला जमलं त्याला.

पोलरायझरबद्दल (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) एक सांगतो, तो एक दीड स्टॉप उजेड खातो म्हणून मी तो उजेड असतानाच लावून घेतला. तो फिरवून समोरची काच साफ झाली की दारावरची झळाळी परत येते, दार साफ केलं की काचेत आकाश, सगळं एकदम मिळत नाही. दोन फोटो काढून नंतर जोडले. क्रोमच्या पट्टीवर तर पोलरायझर काहीच करत नाही. आणि मागची काच टफन (तापवून मजबूत) केलेली असते, तिच्यात पोलरायझरमुळे चित्त्यासारखे ठिपके दिसायला लागतात, डोळ्यांना एरवी कधी एवढे जाणवत नाहीत, मी ते तसेच ठेवले.

फोटो पाठवले, १० मिनिटांत भावाचा फोन. मला वाटलं कौतुक. "अरे झूम करून बघितलं, मागच्या काचेला डाग पडलेत, शोरूमला नेऊन दाखवू का?"