चावी कोणाकडे होती?
आज नागपुरातल्या धरमपेठेतल्या ऑफिसात संस्थेच्या पाच वर्षांच्या आराखड्याची बैठक. बाहेरून सल्लागार बाई आल्या होत्या. खरं सांगतो, मी आधीच नाक मुरडून बसलो होतो. आमचंच आम्हाला ऐकवून बिल लावणार, दुसरं काय!

पण बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही. तर्री पोह्याची प्लेट बाजूला सारून विचारलं, "23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पूर आला, तेव्हा पहिला फोन कोणाला गेला?"

सगळे गप्प. चहा घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर दारातूनच म्हणाला, "मले आला होता मॅडम, पहाटे. पण गोडाऊनची चावी साहेबाजवळ होती."

साहेब म्हणजे मीच. बाईंनी त्याला खुर्ची दिली. दोन तास तोच बोलत होता.

बिल अजून यायचंय.