होई आन : डागडुजी दिसली तर बिघडलं कुठे?

व्हिएतनामच्या वीस हजार डोंगच्या नोटेवर एक पूल छापलाय. नोट आपल्या साठ-सत्तर रुपयांची, पण पूल सोळाव्या शतकाच्या अखेरचा, जपानी व्यापाऱ्यांनी बांधला असं मानतात. होई आनमध्ये तो प्रत्यक्ष पाहिला तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे तो किती छोटा आहे. वर कौलारू छप्पर, एका टोकाला माकडांची जोडी, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांची आणि कुशीला एक इवलंसं देऊळ.

दुसरी गोष्ट म्हणजे रंग. २०२२च्या अखेरीस पुलाचं काम काढलं, ते २०२४च्या ऑगस्टमध्ये संपलं. छप्पर उतरवलं, तुळया सुट्या केल्या आणि पुन्हा जोडल्या. झाकलेला पूल उघडा पडताच गावात गहजब झाला, की हा तर कालच बांधल्यासारखा दिसतोय! अधिकाऱ्यांचं उत्तर साधं होतं : ऊन-पाऊस लागेल तसा रंग उतरेल. मी खाली वाकून लाकूड न्याहाळलं. काळपट जुन्या खांबाला फिकट नवा तुकडा सांधलेला स्वच्छ दिसतो. कुजलं तेवढंच काढलंय, आणि काढलंय हे लपवलेलं नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की काळ्या पाषाणावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरशा. नाहीतर मग वाडा आपोआप पडेपर्यंत वाट बघायची.

होई आन वाचलं त्याचं खरं कारण मात्र कुणाचं शहाणपण नव्हे, गाळ आहे. पंधराव्या शतकापासून हे भरभराटीचं बंदर. चिनी, जपानी, डच, सगळे इथे येऊन गेले. मग थु बोन नदीचं मुख गाळानं भरत गेलं, जहाजं मोठी झाली आणि व्यापार तीसेक किलोमीटरवरच्या दा नांगला गेला. गावात पैसाच उरला नाही, त्यामुळे जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपतही नाही. शहाणपण नंतर आलं. ‘मी सोन’ या ठिकाणच्या, प्राचीन चंपा राज्याच्या काळातल्या मंदिरांवर काम करणारे पोलिश वास्तुतज्ज्ञ काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की ऐंशीच्या दशकात या गावाची बाजू मांडत राहिले. गावकऱ्यांनी त्यांचं स्मारक उभारलंय. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. १,१०७ लाकडी सांगाड्यांच्या इमारती आहेत म्हणे. पिवळ्या भिंती, आणि छपरावर एक उताणं एक पालथं अशी रचलेली कौलं. आपल्या नळीच्या कौलांचीच ही भावंडं. त्यावर शेवाळ आणि गवत माजलंय ते पाहून कोकणातल्या कुणाचेही हात शाकारणीसाठी शिवशिवतील.

‘तान की’ नावाचं जुन्या व्यापाऱ्याचं घर मी सर्वांत जास्त वेळ पाहिलं. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं नदीच्या बाजूला. पुढून दुकान, मागून माल उतरवायचा, मध्ये उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा, प्रत्येकीपुढे साल. १९६४ची खूण माझ्या डोक्याच्या वर होती. पूर इथे नेहमीचाच, म्हणून जुन्या घरांत माडीच्या तक्तपोशीला चौकोनी झडप ठेवलेली असते. पाणी चढायला लागलं की खालचा माल दोरानं झडपेतून वर ओढून घ्यायचा. घर वाचवायचं तर ही झडपही वाचवायला हवी. नुसता दर्शनी भाग राखून आत काँक्रीट ओतलं तर पुढच्या पुरात माल ठेवणार कुठे? इथे मालकाला घराची दुरुस्तीही परवानगीशिवाय करता येत नाही, आणि खर्चाला सरकारी हातभार मिळतो. परवानगीला वेळ लागतो, ही कुरकूर तिथेही आहेच.

आता न आवडलेलं. संध्याकाळी त्रान फू रस्त्यावर कंदिलांखाली पाय ठेवायला जागा नसते. गाड्यांना बंदी आहे म्हणून बरं, नाहीतर चेंगराचेंगरीच. दर दुसऱ्या घरात शिंप्याचं दुकान किंवा कॅफे, आणि बऱ्याच मालकांनी घर भाड्यानं देऊन गावाबाहेर बिऱ्हाड हलवलंय. लाकूड टिकलं, पण चूल हलली. यावर उपाय काय ते मला सुचत नाही. मालकाला चांगलं भाडं घेऊ नकोस म्हणणार कोण? जायचंच असेल तर सकाळी सात वाजता जा. तेव्हा म्हाताऱ्या बायका दारापुढचा रस्ता झाडत असतात, आणि गाव गावासारखं वागतं.

आणि तिकीट काढा. परदेशी माणसाला एक लाख वीस हजार डोंग, म्हणजे चारशे रुपयांच्या आसपास. त्यात ठरावीक जुनी घरं आणि सभागृहं आतून पाहता येतात, आणि जतनाच्या कामाला पैसा मिळतो तोही यातूनच. तिकीटखिडकीपाशी एक मराठी कुटुंब भेटलं. "चारशे रुपये कशाला? बाहेरूनच दिसतंय की सगळं!" असं म्हणत काका सरळ पुढे गेले. त्यांच्या दोन्ही हातांत शिंप्याकडून शिवून आणलेल्या सुटांच्या पिशव्या होत्या.